संगणक अपग्रेड झाला, मराठीचं काय?

सरकारी नोकरीत वीस-बावीस वर्षं काढली की काही शब्द ऐकल्याबरोबर पोटात गोळा येतो. 'बदली', 'ऑडिट', 'एलएक्यू' हे आमचे परंपरागत शब्द. अलीकडे त्यांच्या जोडीला 'अपग्रेड' येऊन बसला आहे. एक परिपत्रक येतं. सगळ्या संगणकांवरची कार्यप्रणाली अमुक तारखेपर्यंत बदला आणि तसा अहवाल पाठवा, असं त्यात म्हटलेलं असतं. पुढचा महिनाभर मग सेक्शनात कामापेक्षा "अहो, माझं ते कुठं गेलं?" हाच प्रश्न जास्त ऐकू येतो.

ह्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण एका सकाळी मधोमध येऊन बसतं. काल मुकाट कागद देणारा प्रिंटर आज संगणकाला ओळखच दाखवत नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला हेडक्लार्क हात जोडून म्हणतो, "बाबांनो, मला माझा टाइपरायटर परत द्या." पण हा त्रागा तात्पुरता. माणूस रुळतो, हाताला नव्या जागा कळतात आणि सगळं विसरायला होतं.

मला आज लिहायचं आहे ते वेगळ्या त्रासाबद्दल. तो महिनाभरात संपत नाही, आणि ज्यांचं सगळं काम इंग्रजीत चालतं त्यांना तो जाणवतही नाही. दर वेळी कार्यप्रणाली बदलते तेव्हा आपण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकावर लिहिलेल्या मराठीचा एक तुकडा वाचता येईनासा होतो. जुना संगणक गेला तर त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होते. ह्या तुकड्याची नोंद कुठेच होत नाही.

आधी थोडा हिशेब मांडतो. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ ला तिची देखभाल थांबली. २००९ ची विंडोज ७ ही १४ जानेवारी २०२० ला निवृत्त झाली. २०१५ च्या विंडोज १० ची पाळी १४ ऑक्टोबर २०२५ ला आली. म्हणजे आम्हां सरकारी नोकरांना साठीपर्यंत नोकरी, आणि ह्यांना दहा-बारा वर्षांची. निवृत्त म्हणजे संगणक बंद पडतो असं नव्हे. तो चालतच राहतो, फक्त सुरक्षेची डागडुजी थांबते. विंडोज ११ मात्र टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप मागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा मागते. ती आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. त्याआधी घेतलेले बहुतेक संगणक एका फटक्यात नापास. धडधाकट यंत्र, पण शिक्का 'निकामी'.

तरी अपग्रेड करूच नका म्हणणाऱ्यांतला मी नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतली इस्पितळंसुद्धा त्यात अडकली. त्या भगदाडावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्यावर संकट आलं. लोकांचे उतारे, दाखले, पगार, पेन्शन ज्या यंत्रांत आहे ती उघडी ठेवून चालणार नाही, हे कबूल. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र बदलताना त्यातल्या मजकुराचा विचार कोणी करत नाही, आणि मराठी मजकुराचा तर मुळीच नाही.

ह्याचं कारण समजण्यासाठी संगणकावर मराठी कशी आली हे आठवावं लागेल. १९९० च्या दशकात आणि पुढेही काही वर्षं घराघरांतल्या संगणकांना रोमन अक्षरंच काय ती ठाऊक. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर त्यांनी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. पडद्यावर 'क' दिसायचा, पण फाईलच्या पोटात साठवलेलं असायचं कुठलं तरी रोमन अक्षर, नाहीतर डॉलरसारखं चिन्ह. दशावतारातल्या स्त्रीपार्टीसारखा प्रकार. रंग आणि लुगडं आहे तोवर द्रौपदी, उतरलं की आतून आपला शेजारी.

त्यात प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. एकाच्या फॉन्टात ज्या कळीवर 'म' बसवलेला, त्याच कळीवर दुसऱ्याच्या फॉन्टात काना. भारतीय भाषांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ साली ठरलेलं होतं. पण डीटीपीच्या बाजारात ज्याने त्याने आपापला फॉन्ट चालवला. चोरी होऊ नये म्हणून काही सॉफ्टवेअरांबरोबर एक कुलूपही मिळायचं. प्रिंटरची जाड केबल लागायची त्या जागेत ते खोचलं नाही, तर सॉफ्टवेअर सुरूच व्हायचं नाही. त्याला डोंगल म्हणत. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, जिथं जिथं मराठी टायपिंग व्हायचं तिथं असं एखादं डोंगल जिवापाड जपलेलं असे.

आता ह्या सगळ्यावर अपग्रेडचा वरवंटा कसा फिरतो ते बघा. नव्या संगणकांना प्रिंटरची ती जुनी जागाच नसते, डोंगल खोचणार कुठे? डोंगलला ओळखणारा जुना ड्रायव्हर ३२ बिटांचा, तो ६४ बिटांच्या प्रणालीत चालत नाही. विंडोज ३.१ च्या जमान्यातले १६ बिटांचे प्रोग्रॅम तर ६४ बिटांच्या विंडोजवर सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येते. म्हणजे सॉफ्टवेअर गेलं, त्याच्याबरोबर फॉन्ट गेला, आणि फॉन्टबरोबर मराठीचा रंग उतरला. फाईल जशीच्या तशी आहे, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. पण उघडावी तर समोर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ.

हे किती जिव्हारी लागतं ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या गावात एक मास्तर होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी देवळाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकांचा इतिहास लिहायला घेतला. कुठल्या वर्षी कुठलं नाटक झालं, 'शारदा' कोणी केली, पेटीवर कोण होता, पडदे कुठून भाड्याने आणले, पेट्रोमॅक्स कोणाच्या घरचे, पोर्तुगीज अमदानीत परवानगीसाठी काय काय खटपटी केल्या, सगळं. म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसून मिळवलेली माहिती. २००४ साली त्यांनी ते शहरातल्या एका दुकानात टाइप करून घेतलं. त्यातली वीसेक पानं देवस्थानच्या स्मरणिकेत छापली गेली. बाकीचं पुस्तक निघेल तेव्हा निघेल म्हणून सीडीवर राहिलं. हाताने लिहिलेल्या वह्या पावसात घर गळलं त्या वर्षी गेल्या. पुढे मास्तरही गेले.

काही वर्षांनी त्यांचा मुलगा ती सीडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, पप्पाचें बरप हातूंत आसा. मात्शें पळयात." त्याच्या घरातला जुना संगणक बदलला होता आणि नव्यावर काहीच दिसत नव्हतं. माझ्याकडेही तेच दिसलं. जिथं उत्सवातल्या नाटकांची नावं असायला हवी होती तिथं कंस, टक्के आणि रोमन अक्षरं. तो मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पप्पांनी हे असं लिहिलं नव्हतं हो."

टायपिंगचं दुकान कधीच बंद झालं होतं, तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं तिला फोन केला. ती आवृत्ती आम्ही बंद केली, नवीन विकत घ्या, त्यात जुन्या फाईली उघडतीलच असं सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तिच्या जागी दुसरी असती तरी बहुधा हेच झालं असतं.

शेवटी मार्ग निघाला तो असा. फाईलमध्ये फॉन्टचं नाव लिहिलेलं सापडलं. इंटरनेटवर काही हौशी आणि सज्जन माणसांनी अशा जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं फुकट ठेवली आहेत. त्यातलं एक लागू पडलं. पडद्यावर मराठी उमटली तेव्हा आम्ही दोघंही काही वेळ गप्प होतो. पण उमटली ती जखमी. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेलेल्या, रफार भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. 'विठ्ठल'चा मधला 'ठ्ठ' गळून सगळीकडे 'विल' झालेलं. ओळखीचा शब्द असेल तर माणूस सुधारतो, पण माणसांची नावं कशी सुधारणार? सहा रविवार आम्ही स्मरणिकेतली पानं शेजारी ठेवून बसलो. स्मरणिकेत नव्हतं ते वाड्यावरच्या ऐंशी ओलांडलेल्या आजी-आजोबांना विचारलं. बहुतेक नावं लागली. १९५८ सालच्या एका यादीतली तीन नावं मात्र अजून लागलेली नाहीत. त्यांच्या जागी चौकोन ठेवले आहेत. ती तीन माणसं त्या वर्षी रंगमंचावर होती, एवढंच आज आपल्याला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, ही एका गावची गोष्ट झाली. पण आपापल्या गावाकडे बघा. देवस्थानांच्या स्मरणिका, भजनी मंडळांचे अहवाल, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, साहित्य संमेलनांची भाषणं, पंचायतीच्या नोटिसा, हौशी लेखकांच्या नाट्यसंहिता आणि कवितांच्या वह्या. १९९५ ते २०१० ह्या काळातलं गोव्यातलं मराठी लेखन बरंचसं अशाच फॉन्टांत टाइप झालेलं आहे. मोठ्या लेखकांची पुस्तकं छापली गेली, ती ग्रंथालयात सापडतील. लहान माणसांचं लेखन मात्र सीडीवरच राहिलं, आणि आपल्या गावांचा इतिहास ह्या लहान माणसांनीच लिहून ठेवला आहे.

आणि हो, कोकणीवाल्या मित्रांनी ह्यात आनंद मानण्याचं कारण नाही. देवनागरी कोकणीही त्याच दुकानांत, त्याच फॉन्टांत टाइप होत होती. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोणाला काय मिळालं ह्यावर आपण अजून भांडतो. फॉन्टने मात्र दोघींना अगदी समान वागणूक दिली आहे.

मग युनिकोडने सगळं सोडवलं का? पुढच्या लेखनापुरतं, हो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या 'क'चा क्रमांक ०९१५. तो जगात कुठेही, कुठल्याही संगणकात 'क'च राहतो, आणि एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही असा नियमच आहे. सुरुवातीला तोही सुखासुखी मिळाला नव्हता म्हणा. विंडोज एक्सपीत देवनागरी नीट दिसावी म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागायची, मग संगणक मूळ सीडी मागायचा, आणि ती सीडी नेमकी सापडायची नाही. व्हिस्टापासून ती कटकट गेली. पण तेव्हा युनिकोडमध्ये टाइप केलेली फाईल आज उघडा, जशीच्या तशी वाचता येते. विंडोज १० नव्याने बसवली तर 'मंगल' हा फॉन्ट कित्येकदा वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तरी बिघडत नाही. दुसऱ्या फॉन्टात मजकूर दिसतो, वळण बदललं तरी अक्षर शाबूत राहतं. प्रणाली आली काय नि गेली काय, मजकूर तगला तो सगळ्यांनी मिळून पाळलेल्या एका मानकामुळे.

गोव्याच्या माणसाला ह्यात नवीन काही वाटू नये. १६१६ साली रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, ओवी मराठी, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. यंत्राला आपली लिपी येत नाही म्हणून मराठीने रोमन वेष घ्यायचा, हा प्रकार आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. त्याच्या पुढचं बघा. सतराव्या शतकात ते पुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हाताने नकला करणाऱ्या लोकांमुळे. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी नवी आवृत्ती काढली आणि तो पुन्हा वाचकांच्या हाती आला.

मला ह्यातून एकच गोष्ट दिसते. मजकूर यंत्राच्या भरवशावर टिकत नाही. वेळ असेपर्यंत कोणीतरी बसून त्याची पुढच्या साधनात नक्कल करावी लागते. मोडी कागदांचंही तेच. पण मोडी निदान शिकता येते, शिकवणारे आहेत. बंद पडलेल्या कंपनीच्या फॉन्टाची बाराखडी कोण शिकवणार?

काही मित्र सुचवतात, जुन्या संगणकावर लिनक्स घाला, फुकट आहे आणि चालतंही बरं. सल्ला चांगला आहे. धडधाकट यंत्र भंगारात घालण्यापेक्षा शंभर पटीने बरा. पण त्याने यंत्र वाचतं. जुन्या फॉन्टातली फाईल लिनक्सवरही भेळच दिसते. ते काम वेगळं आहे, आणि ते माणसानेच करायचं आहे.

तर करायचं काय? माझ्यासारख्या कारकुनाला सुचणाऱ्या गोष्टी साध्या असतात. अपग्रेडच्या परिपत्रकात एक ओळ वाढवावी: जुना संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यातल्या मराठी आणि कोकणी फाईली युनिकोडमध्ये आणून, तपासून, त्याचा दाखला जोडावा. पंख्याच्या पात्यांचीसुद्धा नोंद ठेवणाऱ्या सरकारला हे अवघड नाही. दुसरं, ज्या फॉन्टांची विक्री बंद झाली आहे, त्यांत कुठल्या कळीवर कुठलं अक्षर होतं तो तक्ता कंपन्यांनी जाहीर करावा. त्यातून त्यांचं काही जात नाही, आणि रूपांतर करणाऱ्यांचे डोळे वाचतात. तिसरं, गोमंतक मराठी अकादमीसारख्या संस्थांनी तालुक्यातालुक्यात दोन दिवसांची शिबिरं घ्यावीत. लोकांनी सीडी घेऊन यावं, कॉलेजच्या मुलांनी रूपांतर करावं, आणि जाणत्यांनी मुद्रितं तपासावीत. तयार झालेल्या मजकुराची एक छापील प्रत पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात द्यावी. १८३२ साली सुरू झालेली ती संस्था आहे. तिने पोर्तुगीज राजवटही पाहिली आणि ती गेलेलीही पाहिली. कागदाची देखभाल कुठल्या कंपनीच्या तारखेला थांबत नाही.

ह्यातलं सरकारी काय होईल ते होईल. फाईल वर जाईल, शेरा होईल, खाली येईल, मला त्या प्रवासाचा वेग ठाऊक आहे. पण घरातल्या सीडीसाठी कोणाच्या सहीची गरज नाही. सीडीही कायमची नसते, तिच्यावर बुरशी चढते, आणि नव्या लॅपटॉपांना ती घालायची जागासुद्धा नसते. येत्या चवथीला गावच्या घरी जाल तेव्हा माटोळी बांधून झाल्यावर कपाटातली ती सीडीची डबी खाली काढा. कोणाच्या तरी जुन्या संगणकावर एकेक फाईल उघडून बघा. मराठी अजून दिसत असेल तर तुम्ही वेळेत पोचलात. तेवढी आधी युनिकोडमध्ये घ्या, एक प्रत छापून ठेवा, आणि संगणक मग खुशाल बदला.